स्लीव्ह की बायपास? तारीख ठरल्यावर मन डळमळलं तर

फोन बहुतेक रात्री नऊनंतर येतो. वजन कमी करण्याच्या ऑपरेशनची तारीख मिळालेली असते, तपासण्या झालेल्या असतात, कधीकधी डिपॉझिटही भरून झालेलं असतं. आणि पलीकडून हळू आवाजात प्रश्न येतो, "मॅडम, सरांनी स्लीव्ह सांगितलीय. पण आमच्या मावसबहिणीने बायपास केली आणि तिची शुगरच गेली. माझं काही चुकतंय का?"

हे पत्रक या फोनसाठी लिहिलं आहे.

आमच्याबद्दल दोन ओळी. आम्ही शस्त्रक्रिया करत नाही. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेआधी आणि नंतर काय, किती आणि कसं खायचं, हे पाहणारं साताऱ्यातलं आमचं छोटं केंद्र आहे. दोन आहारतज्ज्ञ आणि एक नर्स, एवढाच पसारा. आमच्याकडची बरीच मंडळी ऑपरेशन पुण्या-मुंबईला करून घेतात आणि पुढची वर्षं आमच्याकडे येत राहतात. कुठल्याही हॉस्पिटलकडून आम्ही एक रुपयाही घेत नाही. त्यामुळे कुणी काय निवडलं आणि पुढे त्याला काय सोसावं लागलं, हे आम्ही जवळून पाहतो, आणि तेच इथे मोकळेपणाने सांगतो आहोत.

नावांचा गोंधळ आधी मिटवू

"बायपास" म्हटलं की घरातली वडीलधारी माणसं घाबरतात, कारण त्यांच्या डोक्यात हृदयाची बायपास असते. इथे हृदयाला कुणी हात लावत नाही. इथली वाट वळवतात ती अन्नाची.

स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कापून शरीराबाहेर काढतात. केळ्याच्या आकाराची नळी उरते. आतडी जशीच्या तशी राहतात. काढलेल्या भागात भुकेचं संप्रेरक, घ्रेलिन, मोठ्या प्रमाणात तयार होत असतं. म्हणून पहिले काही महिने "भूकच लागत नाही" असं लोक सांगतात.

बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला अंड्याएवढी, सुमारे ३० मिलिलिटरची पिशवी करतात आणि तिला थेट लहान आतड्याचा पुढचा भाग जोडतात. उरलेलं जठर आतच राहतं, पण त्यात अन्न जात नाही. आत दोन जोड असतात. मिनी बायपासमध्ये पिशवी लांबट असते आणि जोड एकच. अमेरिकेतल्या डॉ. रॉबर्ट रटलेज यांनी १९९७मध्ये सुरू केलेली ही पद्धत भारतात बरीच रुळली आहे. "मिनी" या शब्दावर मात्र जाऊ नका. ही छोटी शस्त्रक्रिया नाही. त्यात आतड्याचा बराच मोठा भाग वगळला जातो, कधीकधी नेहमीच्या बायपासपेक्षाही जास्त.

वजनातला फरक वाटतो तेवढा नाही

मन डळमळायचं पहिलं कारण हेच असतं: कशाने जास्त किलो उतरतील? फिनलंडमध्ये २४० जणांवर एक मोठा अभ्यास झाला. त्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं, अर्ध्यांची स्लीव्ह केली, अर्ध्यांची बायपास, आणि दहा वर्षं त्यांच्याकडे लक्ष ठेवलं. दहा वर्षांनी स्लीव्हवाल्यांचं जादा वजनापैकी ४३.५ टक्के उतरलेलं होतं, बायपासवाल्यांचं ५०.७ टक्के.

याचा अर्थ किलोत मांडून बघा. तुमचं वजन ११० किलो आहे आणि उंचीप्रमाणे ६५ असायला हवं, असं धरू. जादा वजन झालं ४५ किलो. स्लीव्हने दहा वर्षांनी त्यातले साडेएकोणीस किलो गेलेले असतील, बायपासने पावणेतेवीस. हिशेब सरासरीचा आहे, एकट्या माणसाचा नाही. पण दहा वर्षांनी सव्वातीन किलो, एवढ्या फरकासाठी रात्रभर जागण्याची गरज नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मात्र झोप उडवणारा आहे. दहा वर्षांनी दुर्बिणीने तपासलं तेव्हा अन्ननलिकेला सूज असलेले स्लीव्हच्या गटात ३१ टक्के होते, बायपासच्या गटात ७ टक्के.

जळजळ: लाजू नका, लपवू नका

आपल्याकडे पित्ताचा त्रास हा आजार धरतच नाहीत. सकाळी उठल्यावर आंबट पाणी घशाशी येतं, रात्री उशी उंच करून झोपावं लागतं, मेडिकलमधून आणलेली ॲसिडिटीची गोळी पाच वर्षं रोज चालू आहे. पण डॉक्टरांनी "काही त्रास?" विचारलं की उत्तर येतं, "नाही, काही नाही." माणूस खोटं बोलत नसतो. त्याला तो त्रास वाटतच नसतो.

स्लीव्ह आणि बायपास यांत निवड करताना सगळ्यात जास्त वजन या एका गोष्टीला आहे. स्लीव्हनंतर जठराची अरुंद नळी होते, आतला दाब वाढतो आणि आम्ल वर ढकललं जातं. आधी त्रास असेल तर तो वाढू शकतो, नसेल तर नव्याने सुरू होऊ शकतो. बायपासमध्ये वरच्या छोट्या पिशवीत आम्ल फारच कमी तयार होतं, म्हणून जळजळीच्या माणसाला बहुधा बायपासच सुचवतात. स्वित्झर्लंडमधल्या अशाच एका अभ्यासात पाच वर्षांनी जळजळ वाढलेले स्लीव्हच्या गटात सुमारे ३२ टक्के निघाले, बायपासच्या गटात सुमारे ६ टक्के.

म्हणून तुमच्या मनातली शंका "मला रोज गोळी लागते, मग मला स्लीव्ह का?" अशी असेल, तर ती शंका रास्त आहे. ती घेऊन सर्जनकडे जा. ऑपरेशनआधी तोंडावाटे दुर्बीण घालून तपासणी झाली का, छातीच्या पडद्याजवळ हर्निया दिसला का, हे विचारा. कदाचित सर्जनकडे त्याचं चांगलं उत्तर असेल. ते तुम्हाला ऐकायला मिळालं पाहिजे.

मिनी बायपासचा त्रास थोडा निराळा. तिथे आम्लापेक्षा यकृतातून येणारा पित्तरस वर येण्याची शक्यता असते, आणि तो त्रास साध्या ॲसिडिटीच्या गोळीने हटत नाही.

शुगर गेली म्हणजे काय झालं?

मावसबहिणीच्या गोष्टीकडे येऊ. मधुमेहावर दोन्ही शस्त्रक्रियांचा परिणाम होतो आणि तो औषधांपेक्षा बराच मोठा असतो. अमेरिकेत क्लीव्हलंडला झालेल्या एका अभ्यासात पाच वर्षांनी तीन महिन्यांची सरासरी साखर (रिपोर्टवरचं HbA1c) ६ टक्के किंवा त्याखाली असलेले बायपासच्या गटात २९ टक्के, स्लीव्हच्या गटात २३ टक्के आणि नुसत्या औषधांच्या गटात ५ टक्के होते. बायपास थोडी पुढे, पण आपण ऐकतो तितकी नाही.

मधुमेह किती जुना आहे, हा खरा फरक. तीन वर्षांचा, गोळ्यांवरचा मधुमेह असेल तर आशा मोठी असते. पंधरा वर्षांचा, इन्सुलिनवरचा असेल तर औषध कमी होणं हेच मोठं यश. बहिणीचा मधुमेह किती जुना होता, तिला इन्सुलिन होतं का, हे तिला विचारलंत तर निम्मी तुलना तिथेच गळून पडते.

दुखण्याची गोळी आणि मिश्री

हा भाग शहरातल्या पत्रकांत फारसा सापडत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो आहोत.

जाड माणसाचे गुडघे दुखतात. गावात दुखणं उठलं की कॉम्बिफ्लॅम, ब्रुफेन, डायक्लोफेनॅक, नाहीतर सरळ इंजेक्शन. बायपास किंवा मिनी बायपासनंतर या जातीची औषधं जोडाच्या जागी अल्सर करू शकतात. तो फुटला तर जीवावर बेततं. म्हणजे बायपास झालेल्या माणसाने ही औषधं कायमची बंद, असंच धरून चालायचं. संधिवातामुळे तुम्हाला ती रोज घ्यावी लागत असतील तर स्लीव्हचं पारडं जड होतं. आमच्याकडे एका ताईंच्या बाबतीत याच एका माहितीवरून निर्णय बदलला होता. त्या गोळ्या त्यांनी आधीच्या कागदावर लिहिल्याच नव्हत्या, कारण "रोजच्या नाहीत, दुखलं तरच घेते" असं त्यांना वाटत होतं.

तंबाखूचंही तसंच. सिगारेटबद्दल सगळे विचारतात, मिश्रीबद्दल कुणी विचारत नाही आणि बायका आपणहून सांगत नाहीत. आमच्या नर्सताईंना एकट्यात सांगा. आम्ही रागावत नाही. ती सोडायला वेळ लागतो आणि तो वेळ ऑपरेशनच्या आधी मिळाला पाहिजे.

आयुष्यभराच्या गोळ्या

दोन्हीत व्हिटॅमिनच्या गोळ्या आहेत. बायपासमध्ये जास्त आहेत आणि चुकवल्या तर शिक्षाही जास्त आहे: लोह, कॅल्शियम, बी १२, डी. शाकाहारी माणसाचं बी १२ आपल्याकडे मुळातच बऱ्याचदा कमी असतं. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत, आणि जेवण अर्ध्या वाटीवर आलेलं असताना ते सोपं नसतं. भात-आमटीने भागत नाही. पनीर, घट्ट दही, सोया, मूग, चालत असेल तर अंडी आणि मासे, हे आधी आणि पोळी नंतर, असा ताटाचा क्रमच बदलावा लागतो.

मिनी बायपास ठरली असेल तर सर्जनला एक प्रश्न नक्की विचारा: आतडं किती सेंटिमीटर वगळणार? फ्रान्समधल्या एका अभ्यासात २०० सेंटिमीटर वगळलं होतं. वजन नेहमीच्या बायपासइतकंच उतरलं, पण जुलाब आणि कुपोषणाचे त्रास जास्त झाले. पूर्ण शाकाहारी, त्यात आठवड्याला दोन उपास, आणि गोळ्या विसरण्याची सवय, असं तुमचं असेल तर हा प्रश्न तुमच्यासाठी फार मोठा आहे. उपास सोडायला आम्ही सांगणार नाही. उपासाच्या दिवशी साबुदाण्याऐवजी काय खायचं, ते आपण बसून ठरवू.

गोडाचं थोडक्यात. बायपासनंतर बासुंदी, जिलबी, श्रीखंड भरभर खाल्लं तर घाम, धडधड, पोटात मुरडा, चक्कर असा झटका येऊ शकतो. त्याला डम्पिंग म्हणतात. काहींना हा धाक हवासा वाटतो. नुसत्या या धाकापोटी बायपास निवडू नका, तो प्रत्येकाला बसतोच असं नाही.

"नंतर बदलता येईल ना?"

स्लीव्हची पुढे बायपास करता येते. जळजळीमुळे किंवा वजन परत वाढल्यामुळे ती केलीही जाते. पण कापून काढलेलं जठर परत येत नाही. बायपास उलटवणं तांत्रिकदृष्ट्या शक्य असतं, तरी ते मोठं आणि क्वचित केलं जाणारं काम आहे. म्हणून "आधी स्लीव्ह करून बघू, नाही जमलं तर पुढचं पुढे" या वाक्याला आम्ही दर वेळी थांबवतो. दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड असतं आणि विमा कंपनी त्याचे पैसे देईलच याची खात्री नसते. काढता येणारा पट्टा, म्हणजे गॅस्ट्रिक बँड, याबद्दलही लोक विचारतात. तो आता जगभरात फारच कमी बसवला जातो, कारण कित्येकांचा पुढे काढावाच लागला.

आणि इंजेक्शन?

२०२५मध्ये मौंजारो आणि वेगोव्ही ही वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात मिळू लागल्यापासून ही तिसरी वाट सगळ्यांच्या मनात आहे. वाट खरी आहे, आम्ही तिला नावं ठेवत नाही. फक्त एवढं माहीत असू द्या: वेगोव्हीतल्या सेमाग्लुटाईडच्या एका अभ्यासात औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं. म्हणजे खर्च वर्षाचा धरून चालत नाही. ऑपरेशनबद्दलच मन साशंक असेल तर डॉक्टरांशी हा विषय उघड काढा.

सर्जनना कसं सांगायचं

"सर काय म्हणतील?" ही भीती खूप मोठी असते. संमतीपत्रावर सही केली, आता मागे कसं फिरणार, असं वाटतं. सही केली तरी भूल देण्याआधीपर्यंत थांबा म्हणण्याचा हक्क तुमचाच आहे. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेण्याचाही. कागदपत्रं मागितलीत तर ७२ तासांत द्यावीत, असा डॉक्टरांसाठीचा २००२चा नियम आहे. फाइल मागणं म्हणजे भांडण काढणं नव्हे.

बोलताना "मला भीती वाटते" एवढंच म्हणालात तर धीर मिळेल, उत्तर मिळणार नाही. "मला चार वर्षं जळजळ आहे, तरी स्लीव्ह का?" असं विचारलंत तर उत्तर मिळेल. म्हणून शंका कागदावर लिहा आणि प्रत्येक शंकेपुढे तुमच्या शरीराची एक गोष्ट लिहा. जिच्यापुढे लिहायला काहीच सुचत नाही, ती बहुधा शेजारणीची शंका असते.

विम्याचं ध्यानात ठेवा. कॅशलेसची मंजुरी ठरावीक शस्त्रक्रियेच्या नावाने आलेली असते. प्रकार बदलला तर हॉस्पिटलच्या विमा खिडकीवर लगेच कळवा. या शस्त्रक्रियेचे पैसे मिळण्यासाठी विमा नियामकाच्या नमुना अटींमध्ये बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) ४० किंवा अधिक, अथवा ३५ किंवा अधिक असून सोबत अनियंत्रित टाइप-२ मधुमेह, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास किंवा हृदयाचे काही आजार, असं आहे. डॉक्टरांच्या नव्या निकषांत भारतीयांसाठी यापेक्षा कमी बीएमआयलाही शस्त्रक्रिया सुचवता येते. त्यामुळे डॉक्टर "चालेल" म्हणाले तरी विमा "नाही" म्हणू शकतो. पॉलिसीचा कागद आधी वाचून घ्या, कळला नाही तर आमच्याकडे आणा.

आमच्याकडे येणार असाल तर

ऑपरेशनआधीचा पातळ आहार साधारण दोन आठवड्यांचा असतो. तो सुरू होण्याआधी आलात तर उत्तम, पण सुरू झाला असेल तरी या. येताना दुर्बिणीच्या तपासणीचा आणि रक्ताचा रिपोर्ट, आणि घरात असतील त्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन या, अगदी "कधीतरीच" घेता त्यांचीही. घरात स्वयंपाक जी व्यक्ती करते तिला बरोबर आणा. या भेटीचे पैसे आम्ही घेत नाही, आणि रात्री नऊनंतरचा फोनही उचलतो.