गंधकाचे दोन वायू, दोन सेल

चिकोडी, अथणी, कागवाड, संकेश्वर या ऊसपट्ट्यात साखर कारखान्याच्या एकाच आवारात गंधकाचे दोन विषारी वायू असू शकतात. रस उजळ करायला भट्टीत गंधक जाळतात. त्यातून सल्फर डायऑक्साइड निघतो. आवाराच्या मागच्या बाजूला डिस्टिलरीच्या स्पेंटवॉशमध्ये (अल्कोहोल काढून उरलेल्या सांडपाण्यात) आणि सांडपाण्याच्या टाक्यांत जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड करतात.

पहिला डोळे झोंबवतो, ठसका आणतो, त्यामुळे माणूस आपोआप मागे सरतो. दुसरा फसवा. कुजलेल्या अंड्यासारखा त्याचा वास 1 पीपीएमच्याही (हवेच्या दहा लाख भागांत एक भाग) खाली येतो, पण 100 पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होते. वास थांबला म्हणजे गॅस गेला, असे समजून टाकीत उतरणारा तिथेच कोसळतो. त्याला काढायला उतरलेलाही.

लेड ॲसिटेटचा ओला कागद हा जुना उपाय. हायड्रोजन सल्फाइड लागला की तो काळा पडतो, सल्फर डायऑक्साइडने नाही. ओळख पटते, प्रमाण मात्र नेमके कळत नाही. पुढे गॅसने रंग बदलणारे रसायन भरलेल्या काचनळ्या आल्या: पंपाने ठरावीक हवा ओढायची आणि डागाची लांबी वाचायची.

1962 मध्ये जपानच्या नाओयोशी तागुची यांनी टिन ऑक्साइड सेन्सरचे पेटंट घेतले. गॅस आला की तापलेल्या थराचा विद्युत रोध उतरतो. स्वस्त, पण अल्कोहोललाही तितकाच भुलणारा. डिस्टिलरीत त्याचा काय उपयोग? त्यात कॉपर ऑक्साइड मिसळल्यावर मात्र निवड जमली. हायड्रोजन सल्फाइडने त्याचे कॉपर सल्फाइड होते, दोन पदार्थांच्या सीमेवरचा विद्युत अडथळा मोडतो आणि रोध कोसळतो. मूळपदावर यायला मात्र त्याला वेळ लागतो.

आजच्या खिशातल्या मीटरमध्ये इलेक्ट्रोकेमिकल सेल असतो: गॅसच्या रासायनिक क्रियेतून निघणारा वीजप्रवाह तो मोजतो. तोही भुलतो: हायड्रोजन सल्फाइडच्या अनेक सेलना सल्फर डायऑक्साइडचा 10 ते 20 टक्के भाग दिसतो. भट्टीजवळ 20 पीपीएम सल्फर डायऑक्साइड असेल, तर 2 ते 4 पीपीएम खोटे वाचन. सल्फर डायऑक्साइडच्या सेलपुढे हायड्रोजन सल्फाइड अडवणारा फिल्टर असतो; तो संपला की सेल बिनदिक्कत दुसराच वायू मोजतो. म्हणून दोन्ही सेल शेजारी ठेवून कॅलिब्रेशन सिलिंडरवर (माहीत प्रमाणाचा गॅस भरलेल्या) तपासायचे. अथणीकडच्या कोरड्या उन्हाळ्यात इलेक्ट्रोलाइट (सेलमधले द्रावण) आटून वाचन घसरते, तेही इथेच सापडते.

1948 च्या कारखाना कायद्यात आठ तासांची मर्यादा हायड्रोजन सल्फाइडला 10 पीपीएम, सल्फर डायऑक्साइडला 2 होती. दोन्ही हवेपेक्षा जड, त्यामुळे सेन्सर जमिनीलगत बसवतात. टाकीत आधी नळी सोडून वर, मध्ये, तळाशी मोजायचे, आणि गाळ ढवळल्यावर पुन्हा: गाळात अडकलेला गॅस फावडे लागताच सुटतो.