आपल्या नावावर आधीच मतदान झाले असेल तर: प्रदत्त मताची पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

लोकसभा किंवा विधानसभेच्या मतदानाला केंद्रावर गेल्यावर आपल्या नावापुढे मतदान झाल्याची नोंद आधीच असल्याचे कळले, तर परत फिरू नये. निवडणूक संचालन नियम, १९६१ मधील नियम ४९-पी अशा मतदाराला प्रदत्त मत, म्हणजेच टेंडर वोट, देण्याचा हक्क देतो आणि तो हक्क त्याच वेळी, त्याच केंद्रावर मागावा लागतो.

यासाठी आपले नाव त्या केंद्राच्या यादीत असावे, बोटावर पक्की शाई नसावी आणि ओळखीविषयी मतदान केंद्राध्यक्षांनी विचारलेल्या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे देता यावीत. सोबत मतदार ओळखपत्र किंवा आधार, पॅन, वाहन परवाना, पारपत्र, बँक अथवा टपाल खात्याचे छायाचित्र असलेले पासबुक यांसारखे आयोगाने मान्य केलेले मूळ कागदपत्र ठेवावे. केवळ मतदार चिठ्ठी ओळखीचा पुरावा म्हणून चालत नाही.

खात्री पटल्यावर केंद्राध्यक्ष नमुना १७-ब मध्ये आपले नाव आणि यादीतील अनुक्रमांक लिहून सही किंवा अंगठा घेतात. त्यानंतर मागील बाजूस प्रदत्त मतपत्रिका अशी नोंद असलेली कागदी मतपत्रिका मिळते. ती मतदान कक्षात नेऊन, पसंतीच्या उमेदवारापुढे शिक्का मारून, मत दिसणार नाही अशी घडी घालून केंद्राध्यक्षांकडे द्यायची असते. ते ती वेगळ्या पाकिटात ठेवतात. यंत्रावर मत देण्याचा आग्रह धरून उपयोग होत नाही. तोतयाने दिलेले मत यंत्रात गेलेले असते आणि कोणते मत कोणाचे हे यंत्र नोंदवत नसल्याने ते शोधून वगळता येत नाही. मतदार नोंदवहीत कोण येऊन गेले एवढेच लिहिलेले असते, मत कोणाला दिले ते नसते, आणि ही गुप्तता तोतयाला पकडण्यासाठीसुद्धा मोडता कामा नये, असे माझे ठाम मत आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ चे कलम ९४ तर कोणत्याही साक्षीदाराला आपण कोणाला मत दिले हे सांगण्यास भाग पाडू देत नाही.

प्रदत्त मते नेहमीच्या मतमोजणीत धरली जात नाहीत. निवडणूक याचिकेत न्यायालयाने आदेश दिला तरच ती विचारात येतात. तरीही ती निरर्थक ठरत नाहीत. राजस्थानातील नाथद्वारा मतदारसंघाचा २००८ सालचा निकाल एका मताने लागला, तेव्हा प्रदत्त मतांचा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता.

तोतयाला मत देण्यापूर्वीच अडवणे अर्थातच अधिक चांगले. उमेदवाराचा मतदान प्रतिनिधी दोन रुपये अनामत भरून मतदाराच्या ओळखीवर आक्षेप घेऊ शकतो आणि केंद्राध्यक्ष तिथेच संक्षिप्त चौकशी करून निर्णय देतात. आक्षेप सिद्ध झाल्यास त्या व्यक्तीला पोलिसांच्या ताब्यात दिले जाते. तोतयेगिरीला भारतीय न्याय संहितेच्या कलम १७४ अन्वये एक वर्षापर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते.

मुंबईत मात्र खरी जोखीम यादीतच दडलेली असते. लालबाग-परळ, गिरगावातील चाळ पुनर्विकासाला गेली, कुटुंब संक्रमण शिबिरात किंवा थेट डोंबिवली-विरारला राहायला गेले, तरी जुन्या पत्त्यावरची नावे वर्षानुवर्षे तशीच राहतात, आणि जिथे मतदाराला कोणी ओळखत नाही तिथेच तोतयाचे फावते. घर बदलल्यावर नमुना ८ भरावा. तो मतदार सेवा पोर्टलवर, आयोगाच्या ईसीआयनेट अॅपवर किंवा मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे (बीएलओ) देता येतो आणि नव्या पत्त्यासाठी वीज किंवा गॅसचे बिल, पासबुक, नोंदणीकृत भाडेकरार असा पुरावा जोडावा लागतो. घरातील व्यक्ती निवर्तली असेल, तर नाव वगळण्यासाठी नमुना ७ आहे. दोन ठिकाणी नाव ठेवणे कायद्याला मान्य नाही, आणि अर्जात जाणूनबुजून खोटे निवेदन केल्यास लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम ३१ नुसार एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अडचण आल्यास १९५० या क्रमांकावर विचारणा करता येते.