टीएल 4 म्हणजे नेमकं कधी? गर्प्सच्या काळगणनेची पार्श्वभूमी

गर्प्स हा टेबलाभोवती बसून, पात्रं वठवत खेळायचा भूमिकाखेळ. त्याच्या कॅम्पेनचा, म्हणजे अनेक बैठकांत चालणाऱ्या कथेचा काळ ठरला की कागदावर पहिला आकडा पडतो तो टीएलचा, म्हणजे टेक लेव्हलचा, तंत्रज्ञानाच्या पायरीचा. ‘सतरावं शतक’ एवढ्यावर कुणी थांबत नाही, ‘टीएल 4’ म्हणतात. त्या एका आकड्यावरून शस्त्रांची यादी, सुरुवातीची पुंजी, वैद्याच्या हाताला काय जमेल आणि कारागिराला काय उमगणार नाही, हे सगळं ठरून जातं. इतकं ओझं वाहणारा हा आकडा मुळात इतिहासासाठी घडवलेला नव्हता. ऐतिहासिक कॅम्पेन चालवणाऱ्या जीएमची (गेम मास्टरची) आजची निम्मी कटकट तिथूनच सुरू होते.

टेक लेव्हल ही संज्ञा खेळांत रुळली ती 1977 च्या ‘ट्रॅव्हलर’मुळे. त्या अंतराळातल्या खेळात प्रत्येक ग्रहाची ओळख अक्षर-आकड्यांच्या एका ओळीत लिहायची: आधी अंतराळबंदराचा दर्जा, मग आकार, हवा, पाणी, लोकसंख्या, राज्यव्यवस्था, कायदा आणि सगळ्यात शेवटी टेक लेव्हल. जहाज उतरलं की इथे दुरुस्ती होईल का, सुटे भाग मिळतील का, बाजारात कोणती हत्यारं असतील, याचा अंदाज त्यावरून बांधता यायचा. वाटेत उतरलेल्या पाहुण्याला पुरेल एवढीच ती माहिती होती. त्या ग्रहावर सातशे वर्षांपूर्वी काय होतं, डोंगरापलीकडच्या राज्यात काय चालतं, हे सांगायची जबाबदारी त्या आकड्यावर कधी नव्हतीच.

एकच नियमसंच निरनिराळ्या काळांना लावायची आणखी एक वाट तेव्हा मळत होती. 1980 साली सोळा पानांच्या एका पुस्तिकेत टक्केवारीच्या स्किलवर, म्हणजे कौशल्यांवर, चालणारे नियम आले. त्याच सांगाड्यावर 1981 मध्ये 1920 च्या दशकातला भयकथांचा खेळ उभा राहिला, 1986 मध्ये त्याला 1890 च्या दशकाची पुरवणी मिळाली आणि 1987 मध्ये वर्तमानकाळाची. तिथे दर काळाला सामान आणि स्किल नव्याने बेतायची, शिंप्याने माप घ्यावं तशी. काळ सांगणारा आकडा नाही, त्यामुळे दोन काळांतली तुलनाही नाही.

1986 मध्ये आलेल्या गर्प्सने पत्करलं ते याहून अवघड काम. कॅरेक्टरचा कागद एकच, आणि तोच घेऊन माणूस हिमयुगातून अंतराळात गेला तरी काही खोडावं लागू नये. अशा पैजेला एखादी मोजपट्टी लागतेच, आणि टीएल तयार होता. मला ती पैज आजही मोठी वाटते. टीएलवर पुढे जे लिहितो आहे ते त्या पैजेची किंमत सांगण्यासाठी, तिचा मान कमी करण्यासाठी नव्हे.

1988 च्या तिसऱ्या आवृत्तीनंतरची दहा-बारा वर्षं पातळ पुस्तकांची. जपान, हिमयुग, अमेरिकेचा जुना पश्चिम, चीन, व्हायकिंग, रोम, अ‍ॅझटेक, ग्रीस, इजिप्त, रशिया. साधारण 128 पानांत एकेक काळ. ही पुस्तकं टेबलावर न खेळणारी माणसंही इतिहासासाठी चाळत. त्यांत टीएल असायचा, पण कोपऱ्यात. रोमन फौजी काय खातो, गुलामाची किंमत काय, खटला कसा चालतो यावर पानं खर्ची पडायची, आणि काळ कळायचा तो त्या पानांतून.

मग आली 2004 ची चौथी आवृत्ती, आणि वादही. तिसऱ्या आवृत्तीत विसाव्या शतकाचा उत्तरार्ध म्हणजे टीएल 7 आणि एकविसाव्या शतकाची सुरुवात म्हणजे टीएल 8. ते लिहिलं गेलं तेव्हा एकविसावं शतक लांब होतं, म्हणून टीएल 8 च्या यादीत लेझरची शस्त्रं होती. 2001 उजाडलं. खिशात मोबाइल आले, लेझरचं पिस्तूल काही आलं नाही. मोजपट्टी दुरुस्त करणं भाग होतं. नव्या आवृत्तीने 1880 ला टीएल 6, 1940 ला टीएल 7 आणि 1980 ला टीएल 8 सुरू केला. आजचा काळ टीएल 8 झाला, लेझर पुढच्या पायरीवर गेले, आणि भविष्याच्या पायऱ्या आखडून 12 वर थांबल्या.

दुरुस्ती रास्त होती, पण जुन्या आणि नव्या पुस्तकांत एकाच आकड्याचे दोन अर्थ झाले. 1995 मधल्या मुंबईचं कॅम्पेन कुणी तेव्हा लिहिलं असेल तर ते टीएल 7 चं. तेच आता टीएल 8. जुन्या साहसातला टीएल 8 चा वैमानिक आज साधा आयटीवाला ठरतो. म्हणून अजूनही जुनं साहित्य काढलं की आधी विचारावं लागतं, ‘कुठल्या आवृत्तीचा आठ?’

याहून खोल घोळ सीमांच्या तारखांचा आहे. टीएल 2 चालतो इसवी सनापूर्वी 1200 पासून इसवी सन 600 पर्यंत, म्हणजे अठराशे वर्षं. टीएल 3 साडेआठशे वर्षं, 1450 पर्यंत. टीएल 4 दोनशे ऐंशी वर्षं, 1730 पर्यंत. टीएल 7 मात्र चाळीस वर्षांत आटोपतो. जसजसं आपल्याजवळ यावं तसतशा पायऱ्या अरुंद होतात. याचं समर्थन असं केलं जातं की तंत्रज्ञानाचा वेगच वाढला. ते खरंही आहे. पण खेळणाऱ्याच्या बाजूने पाहा: अलेक्झांडरचा सैनिक आणि पश्चिम रोमचा शेवटचा सम्राट एका पायरीवर, आणि 1975 चा मेकॅनिक व 1985 चा मेकॅनिक दोन पायऱ्यांवर. या मोजपट्टीवर आपलं बालपण बारकाईने कोरलेलं आहे आणि प्राचीन काळ ढोबळ राहिला आहे.

अरुंद पायऱ्यांच्या कडाही बोचतात. अमेरिकेतली 1876 ची लिटल बिगहॉर्नची लढाई टीएल 5 मध्ये पडते आणि तिथलीच 1881 ची टूम्बस्टोनची चकमक टीएल 6 मध्ये, जरी दोन्हीकडच्या कमरेला 1873 चंच कोल्ट रिव्हॉल्व्हर असू शकतं. दुसरं महायुद्ध तारखेने टीएल 6 मध्ये सुरू होतं आणि टीएल 7 मध्ये संपतं. नियमपुस्तक स्वतःच सांगतं की तारखा ढोबळ आहेत. पण टेबलावर ढोबळ असं काही उरत नाही, कारण फरकाची किंमत आकड्यांत मोजली जाते. बुद्धीवर चालणाऱ्या तांत्रिक स्किलसाठी एक पायरी पुढचं यंत्र हाताळायचं तर स्किलच्या आकड्यात उणे 5, दोन पायऱ्या पुढचं उणे 10, तीन म्हणजे उणे 15, आणि त्यापुढे अशक्य. मागे जाताना दंड सौम्य: एक पायरी उणे 1, दोन उणे 3, तीन उणे 5, चार उणे 7. आजचा सर्जन टीएल 4 ची अवजारं घेऊन बसला तर उणे 7 वर कसंबसं निभावतो. टीएल 4 चा जर्राह, म्हणजे त्या काळचा शस्त्रवैद्य, मात्र आजच्या ऑपरेशन थिएटरात हात लावू शकत नाही. हा असमतोल मला अचूक वाटतो; माणसं जुनं लवकर शिकतात. पण इतक्या मोठ्या दंडाची रेषा 1879 आणि 1880 च्या मध्ये ओढली की ती ढोबळ आहे हे सांगून भागत नाही.

यावरचा उतारा त्याच 2004 च्या पुस्तकात आहे, आणि तो मागच्या पानांत राहिला याचं मला मनापासून वाईट वाटतं. समाजाला एकच टीएल द्यायची सक्ती नाही. दळणवळण, शस्त्रं व चिलखतं, ऊर्जा, आणि जीवशास्त्र व वैद्यक असे चार भाग करून प्रत्येकाला वेगळा आकडा देता येतो. जोडीला वाट फुटलेल्या तंत्रज्ञानासाठी ‘5+1’ सारखी खूण आहे: टीएल 5 पर्यंत आपल्यासारखं, पुढची एक पायरी वेगळ्याच दिशेने. तिचा वापर होतो तो मुख्यतः वाफेवर चालणाऱ्या काल्पनिक जगांसाठी. अ‍ॅझटेकांना हाच न्याय लावावा असं मी म्हणेन. तेनोच्तित्लान हे तळ्यातलं अवाढव्य शहर, त्याचे बांध आणि गोड्या पाण्याचा कालवा एका बाजूला, आणि ऑब्सिडियनच्या (ज्वालामुखीच्या काचेच्या) पात्यांची शस्त्रं दुसऱ्या बाजूला. एका आकड्यात यांतलं एक काहीतरी खोटं ठरणारच.

आपल्याकडचा काळ लावून पाहिला की चार आकड्यांची गरज आणखी उघड होते. टीएल 4 च्या 1450 ते 1730 या पट्ट्यात बहमनी राज्याचा उत्तरार्ध बसतो, 1549 साली अहमदनगरला ओतलेली मलिक-ए-मैदान तोफ बसते, 1659 चा प्रतापगड बसतो आणि 1728 ची पालखेडची मोहीमही बसते. तोड्याची, म्हणजे जळत्या वातीची बंदूक आणि चकमकीची, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीची बंदूक, दोन्ही त्याच पायरीवर. मग 1761 चं पानिपत? तारीख टीएल 5 म्हणते. ती तारीख युरोपातल्या औद्योगिक क्रांतीची आहे. पानिपतावर वाफेचं इंजिन नव्हतं. गारद्यांच्या कवायती पलटणी आणि त्यांचा तोफखाना यांना शस्त्रांत 5 द्यावा, ते शोभेल. भाला-तलवारीच्या घोडदळाला तोच आकडा दिला तर त्या दिवसाच्या लढाईत एकाच फौजेत दोन युद्धपद्धती वावरत होत्या, ही सगळ्यात खेळण्याजोगी गोष्टच पुसली जाते. शस्त्रं 5, दळणवळण 4, ऊर्जा 4, वैद्यक 4 असं लिहिलं, आणि घोडदळासाठी शस्त्रं 4 अशी वेगळी ओळ ठेवली, तर कॅम्पेन उभं राहतं.

2007 मध्ये टीएल 5 ते 8 च्या सामानाचं आणि 2010 मध्ये टीएल 0 ते 4 च्या सामानाचं अशी दोन पुस्तकं आली. पातळ पुस्तकांच्या जमान्यात काळ उघडायचा, आता पायरी उघडावी लागते. माहिती दोन्हींत भरपूर आहे, पण नव्या जीएमला आधी काय मिळतं हे कळतं आणि कोण कसं जगत होतं ते त्याला दुसरीकडे शोधावं लागतं.

पैशाचं गणित मात्र या पायऱ्यांवर बरं चालतं. सुरुवातीची पुंजी टीएल 3 ला 1,000 डॉलर, टीएल 4 ला 2,000, टीएल 8 ला 20,000, आणि वस्तूची किंमत सगळीकडे तीच. सरळ पात्याची मोठी तलवार 500 डॉलरची. म्हणजे टीएल 3 मध्ये अर्धी पुंजी, आज चाळिसावा भाग. तलवार एके काळी किती महाग होती हे एका भागाकारात कळतं. खालच्या पायऱ्यांवर हा डॉलर म्हणजे तांब्याचं फार्दिंग, इंग्लंडचं जुनं छोटं नाणं, समजावं असं नियम सांगतात. दख्खनच्या कॅम्पेनमध्ये त्या जागी शिवराई लिहावी. तीही तांब्याचीच, आणि रुपयाशी तिचा भाव ठिकाणानुसार आणि काळानुसार बदलत असे, त्यामुळे लुटीची मोजदाद करताना टेबलावर सराफही लागतो.