कांगा (पूर्व आफ्रिकी वस्त्र)

कांगा : पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिली किनाऱ्यावर स्त्रिया नेसतात ते छापील सुती वस्त्र. केन्या, टांझानिया आणि त्यातही झांझिबार बेटे हा त्याचा मुख्य प्रदेश होय. मोंबासाकडे त्याला ‘लेसो’ हेच नाव अधिक चालते. एक कांगा साधारणपणे १५० सेंमी. लांब व ११० सेंमी. रुंद असतो आणि जोडीनेच विकला जातो. जोडीचे दोन्ही भाग एकाच ताग्यात सलग छापलेले असतात. घरी आणल्यावर ते मधोमध कापून कडा शिवून घेतात. कांग्याची अंगे तीन : चारही बाजूंचा रुंद काठ (पिंडो), मधले नक्षीचे क्षेत्र (म्जी, म्हणजे ‘गाव’) आणि खालच्या लांब काठाच्या वर छापलेले एखादे स्वाहिली वाक्य (जिना किंवा उजुम्बे). वाक्यामुळे कांगा इतर बहुतेक आफ्रिकी छापील कापडांहून लगेच वेगळा ओळखू येतो. त्याचाच शेजारी असलेला किटेंगे जाडसर, बिनकाठाचा, बिनवाक्याचा आणि वारावर विकला जाणारा असतो. परदेशांत या दोहोंची सरमिसळ वारंवार होते.

उत्पत्ती : कांग्याची जन्मकथा बहुतेक संदर्भग्रंथांत एकाच साच्यात आढळते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर झांझिबार किंवा मोंबासा येथील हौशी स्त्रियांनी छापील हातरुमाल सुटे न घेता सहा रुमालांची सलग पट्टी घ्यायला सुरुवात केली. तीन-तीन रुमालांचे दोन तुकडे करून ते लांबीकडून एकमेकांना शिवले, की अंगभर गुंडाळता येईल असे वस्त्र तयार होई. रुमालाला पोर्तुगीज भाषेत ‘लेन्सो’ म्हणतात, त्यावरून लेसो हे नाव आले. पुढे दुकानदारांनी शिवणीचा खटाटोप वाचवण्यासाठी संपूर्ण वस्त्रच एकसंध छापून मागवले आणि कांगा अवतरला. आरंभीच्या एका लोकप्रिय छापात गडद जमिनीवर पांढरे ठिपके होते. स्वाहिलीत गिनी कोंबडीला ‘कांगा’ म्हणतात. तिच्या ठिपकेदार पिसांवरून वस्त्राला हे नाव मिळाले असे परंपरा सांगते. गुंडाळणे या अर्थाच्या जुन्या बांटू क्रियापदाशीही काहींनी हे नाव जोडले आहे, परंतु ठिपक्यांची उपपत्ती अधिक प्रचलित आहे.

या कथेतील पोर्तुगीज दुवा जपून घ्यावा लागतो. पोर्तुगीजांनी मोंबासाचा फोर्ट जीझस १५९३ मध्ये बांधायला घेतला आणि १६९८ मध्ये तो ओमानी अरबांनी जिंकला. रुमाल शिवण्याची चाल सांगितली जाते ती याच्या दीडशे वर्षांहून अधिक काळ नंतरची. त्या वेळचे रुमाल युरोपातील गिरण्यांत यंत्रावर छापलेले होते, आणि त्यांचा व्यापार पोर्तुगीजांच्या हाती उरला नव्हता. तेव्हा शब्द पोर्तुगीज असला तरी वस्त्र पोर्तुगीज ठरत नाही. मूळ शब्द किनाऱ्याच्या बोलीत आधीच रुळला असावा आणि नव्या मालाला तो चिकटला असावा, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

दुसरा प्रवाह भारताकडून येतो. कच्छ व गुजरातमधील भाटिया, खोजा, बोहरा आणि मेमन व्यापारी झांझिबारच्या बाजारात दीर्घकाळ पाय रोवून होते. त्यांच्या मालात बांधणीची कापडे होती. लाल, काळ्या व पांढऱ्या रंगांतला ‘किसुटू’ हा कांग्याच्या सर्वांत जुन्या छापांपैकी एक मानला जातो आणि आजही तो नववधूला देतात. त्यातील ठिपक्यांच्या रांगा बांधणीची आठवण करून देतात. ठिपके, कोयरी आणि काठ व जमीन यांची विभागणी या गोष्टी एकट्या रुमालांतून आल्या असतील असे वाटत नाही. कोयरीचा आकार कांग्यावर सर्वत्र दिसतो. स्थानिक नजरेला मात्र तो ‘कोरोशो’, म्हणजे काजू, वाटतो.

तिसरा घटक म्हणजे अमेरिकन कोरे कापड. १८३०च्या दशकापासून मॅसॅच्युसेट्समधील सेलम बंदराचे व्यापारी झांझिबारला मांजरपाटासारखे जाडेभरडे, न धुतलेले कापड आणू लागले. त्याला ‘मेरिकानी’ म्हणत. तेच निळीत रंगवले की ‘कानिकी’ होई. आतल्या प्रदेशात जाणाऱ्या तांड्यांसाठी मेरिकानी हे चलनच होते आणि त्याचे माप ‘डोटी’, सुमारे चार वार. या शब्दाचा संबंध भारतीय धोतीशी जोडतात. आजही कांग्याच्या जोडीला डोटी म्हणतात. अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१–६५) हा पुरवठा खंडित झाला आणि पुढील दशकांत मुंबईच्या गिरण्यांच्या कोऱ्या कापडाने ती जागा बऱ्याच अंशी घेतली. मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास मँचेस्टरशी असलेल्या स्पर्धेतून आणि चीनकडे जाणाऱ्या सुतातून सांगण्याची आपल्याकडे रीत आहे; झांझिबारच्या ग्राहकाने त्या गिरण्यांच्या मालाला दिलेला आकार त्यात क्वचितच येतो. इतिहासकार जेरेमी प्रेस्टहोल्ट यांनी सेलम आणि मुंबई येथील उत्पादनावर पूर्व आफ्रिकी आवडीनिवडींचा प्रभाव कसा पडला हे दाखवले आहे, आणि कांग्याचा विचार करताना ते विसरून चालत नाही.

कालनिश्चितीबाबत कलेतिहासकार मॅकेन्झी मून रायन यांचे संशोधन सध्या सर्वाधिक भरवशाचे वाटते. युरोपीय छापखान्यांच्या नमुनावह्या व व्यापारी कागदपत्रे यांच्या आधारे त्यांनी कांग्याची घडण १८७६ ते १८८६ या दशकात बसवली आहे. त्यांच्या मांडणीत कोणी एकच शोधक नाही. काय हवे ते झांझिबारच्या स्त्रिया ठरवत, भारतीय वंशाचे दुकानदार ते हेरून युरोपीय पेढ्यांकडे मागणी नोंदवत आणि हॉलंड व इतर देशांतील गिरण्या छपाई करत. रुमालकथेत असलेली ‘हौशी स्त्रियांची टूम’ येथे खऱ्या अर्थाने निर्मितीचा भाग होते. ती कथा पूर्णतः टाकाऊ नाही. परंतु तीत स्त्रियांचे श्रेय एका शिवणीपुरतेच उरते, आणि ते अपुरे आहे.

गुलामगिरीचा अंत आणि कांगा : झांझिबारमधील गुलामांचा व्यापार १८७३ मध्ये बंद झाला व गुलामगिरीची कायदेशीर मान्यता १८९७ मध्ये गेली. गुलाम स्त्रियांच्या अंगावर मेरिकानी किंवा कानिकी असे; डोके झाकण्याचा मान त्यांना नव्हता. मुक्त झालेल्या स्त्रियांनी रंगीत, छापील कांगा उचलला : एक छातीवर गुंडाळलेला, दुसरा डोक्यावरून खांद्यांवर घेतलेला. इतिहासकार लॉरा फेअर यांनी या बदलाकडे प्रतिष्ठेच्या दाव्याच्या दृष्टीने पाहिले आहे. आपण कोणाच्या मालकीच्या नाही आणि या शहराच्या रहिवासी आहोत, हे कपड्यांतून सांगता येत होते. कांग्याच्या झपाट्याने बदलणाऱ्या फॅशनचे मूळही येथे असावे. नवा छाप बाजारात आला की जुना पडून राही आणि पेढ्यांचे नुकसान होई. गोऱ्या निरीक्षकांना यात उधळपट्टी दिसली. पिढ्यान्‌पिढ्या एकाच कोऱ्या कापडात वावरलेल्या स्त्रियांना निवडीचे मोल काय वाटले असेल, याचा विचार त्यांनी केला नाही.

छपाई व व्यापार : सुरुवातीला स्थानिक कारागीर लाकडी ठशांनी छपाई करत असे सांगतात. यंत्रछपाईत हॉलंडमधील हेल्मंड (फ्लिस्को) व लायडन येथील गिरण्या अग्रेसर होत्या. ब्रिटनचाही वाटा होता. दोन महायुद्धांच्या दरम्यान जपानने स्वस्त मालाच्या जोरावर बाजार काबीज केला. स्वातंत्र्यानंतर टांझानियात चीनच्या मदतीने दार-ए-सलाम येथे उराफिकी गिरणी (१९६८) उभी राहिली. केन्यातही छपाई सुरू झाली. भारतात गुजरातमधील जेतपूर येथे आफ्रिकी बाजारासाठी मोठ्या प्रमाणावर छपाई होते.

मोंबासातील कादरदिना हाजी एसाक यांची १८८७ मध्ये स्थापन झालेली पेढी या व्यवसायातील सर्वांत नामवंत. ‘माली या अब्दुल्ला’ (अब्दुल्लाचा माल) ही तिची खूण कांग्यावर छापलेली असते. कांग्यावर वाक्य छापण्याची प्रथा विसाव्या शतकाच्या आरंभी याच पेढीने सुरू केली, असे परंपरेने मानतात.

वाक्ये : आधीची वाक्ये अरबी लिपीतील स्वाहिलीत, नंतरची रोमन लिपीत. त्यांत म्हणी आहेत, आशीर्वाद आहेत, प्रेमाची कबुली आहे आणि शेजारणीला किंवा सवतीला मारलेला टोमणाही आहे. ‘नाओगोपा सिम्बा ना मेनो याके, सिओगोपी म्टू क्वा मानेनो याके’ : मी सिंहाच्या दातांना भिते, माणसाच्या बोलण्याला भीत नाही. ‘उसिसाफिरिए न्योटा या म्वेन्झियो’ : दुसऱ्याच्या ताऱ्यावर भिस्त ठेवून प्रवासाला निघू नकोस. ‘वेमा हाउओझी’ : केलेले चांगले कुजत नाही. ‘नानी कामा मामा’ : आईसारखे कोण? नेसल्यावर हे वाक्य बहुधा पाठीमागे, कमरेच्या खाली येते. ते मागून चालणाऱ्याला किंवा उंबऱ्यातून पाहणाऱ्याला वाचता येते. तोंडाने न बोलता येण्याजोगे असे बरेच काही या मार्गाने बोलले जाते, आणि नेसणारीला ‘मी तर नुसते कापड नेसले’ म्हणण्याची मोकळीकही राहते. नवऱ्याने बायकोला किंवा मुलीने आईला कांगा देताना वाक्य आधी वाचून निवडले जाते, रंग त्यानंतर. राजकीय पक्षांनीही या जागेचा उपयोग केला. बराक ओबामा २००८ मध्ये निवडून आल्यावर त्यांचे चित्र आणि ‘देवाने आम्हांला प्रेम व शांती दिली’ अशा आशयाचे वाक्य असलेला कांगा निघाला.

नेसणे व दैनंदिन वापर : घरकामात कमरेला, प्रार्थनेला डोक्यावर, तान्ह्या मुलाला पाठीशी बांधायला कांगा लागतोच. नवा कांगा खळीमुळे कडक असतो. दोन-तीन धुण्यांनंतर तो मऊ पडतो, आणि तोवर त्याचा रंग इतर कपड्यांना लागण्याची शक्यता असते. झांझिबारमध्ये सणासमारंभाचे कपडे उदाच्या धुरावर धरून सुगंधित करतात. कांगाही त्याला अपवाद नाही.

शिवलेल्या कपड्यांत कांग्याचा वापर ही तुलनेने अलीकडची गोष्ट. दार-ए-सलाममध्ये मुस्तफा हसनअली यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या स्वाहिली फॅशन वीकसारख्या व्यासपीठांमुळे तिला चालना मिळाली. कांगा वापरायचा तर त्याची मांडणी समजून घ्यावी लागते. रंग कितीही भडक असले तरी काठ त्यांना बांधून ठेवतो. बेतणाऱ्याने कापड कसेही आडवेतिडवे कापले की काठ तुटतो, मधली आकृती अर्धी राहते आणि उरतो तो केवळ गोंगाट. चांगले शिंपी एका भागाचा लांब काठ झग्याच्या किंवा स्कर्टच्या घेरावर ठेवतात, आखूड बाजूचा काठ बाह्यांना लावतात व मधली मोठी आकृती पाठीवर किंवा पोटावर अखंड येऊ देतात. जोडीत सुमारे तीन मीटर कापड मिळते. एका मध्यम मापाच्या सैल झग्याला ते पुरते. कापड विरळ असल्यामुळे फिक्या जमिनीच्या छापाला अस्तर लागते. घट्ट बेताच्या, अनेक कळ्यांच्या कपड्याला कांगा न घेता किटेंगे घ्यावा.

न शिवता वापरणे सर्वांत सोपे आणि मूळ रिवाजाला धरून आहे. एरवी साधे, एकरंगी कपडे घालणाऱ्याने कांग्याच्या जमिनीतला किंवा काठातला एक रंग निवडून त्याच रंगाच्या सदऱ्यावर किंवा कुर्त्यावर तो खांद्यावरून घ्यावा. तो ओढणीपेक्षा आखूड व रुंद असल्याने दोन्ही खांद्यांवरून सोडण्यापेक्षा त्रिकोणी घडी करून घेतलेला बरा दिसतो. वाक्याचा अर्थ माहीत करून घेतल्याखेरीज कांगा अंगावर घालू नये. सवतीला उद्देशून असलेला टोमणा कार्यालयात घालून जाणे स्वाहिली जाणणाऱ्याला खटकेल, आणि वाक्य झाकून नेसणे म्हणजे वस्त्राचा अर्धा भाग नाकारणे होय.

मालकीचा प्रश्न : किनाऱ्यावरील दुसरे वस्त्र ‘किकोई’ हे पुरुषांचे, हातमागावरचे, पट्टेदार. त्याचे नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदवण्याचा एका ब्रिटिश कंपनीचा प्रयत्न २००६–०८च्या सुमारास केन्यातील विणकर व त्यांच्या पाठीराख्यांच्या विरोधामुळे बारगळला. कांग्याच्या बाबतीत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण तो आरंभापासून अनेक देशांत छापला गेला. तरीही छाप निवडणाऱ्या, वाक्ये प्रचारात आणणाऱ्या आणि नको तो माल दुकानात पडू देणाऱ्या स्त्रिया किनाऱ्यावरच्याच होत्या. कांग्याला स्वाहिली वस्त्र म्हणण्याचा आधार तोच आहे.

संबंधित वस्त्रे : कोमोरो बेटांतही याच धर्तीची वस्त्रे नेसतात. मादागास्करमधील ‘लांबाहुआनी’वर मलागासी म्हणी छापलेल्या असतात. मोझांबिकमधील ‘कापुलाना’ आकाराने व वापराने जवळचे, परंतु त्यावर वाक्य नसते.