गुण नसलेली चाल

१९६३ साली अमेरिकेत जॉन बोर्डमन यांनी 'डिप्लोमसी' हा पटावरचा खेळ टपालाने चालवायला सुरुवात केली. पहिल्या महायुद्धाआधीचा युरोप, सात सत्ता, सात खेळाडू. चाली पत्राने कळवायच्या आणि निकाल 'ग्राउस्टार्क' नावाच्या छोट्या पत्रिकेत छापून यायचा. अशा टपाली खेळांत लवकरच चालींबरोबर भलताच मजकूर येऊ लागला. कुणी सम्राट बनून दर्पोक्ती लिही, कुणी दरबारातली बनावट बातमी. खेळाडू त्याला 'प्रेस' म्हणत. त्याचे गुण मिळत नसत, त्याने पटावरची सोंगटीही हलत नसे. तरी लोक तो हौसेने लिहीत.

ऑनलाइन रोलप्लेचा, म्हणजे एखादं पात्र बनून इतरांबरोबर लिहीत लिहीत गोष्ट रचण्याचा, इतिहास सहसा संगणकापासून सुरू करतात. मला तो या बिनकामाच्या मजकुरापासून सांगावासा वाटतो, कारण पुढेही असंच होत गेलं. खेळ बनवणाऱ्याच्या मनात एक असायचं आणि लोक रमायचे दुसऱ्याच गोष्टीत.

१९६९च्या सुमारास मिनेसोटात डेव्ह वेसली यांनी नेपोलियनच्या काळातला एक युद्धखेळ मांडला. ब्राउनस्टाइन हे त्यातलं कल्पित गाव. जमलेल्या सगळ्यांना सैन्य देणं शक्य नव्हतं, म्हणून काहींना गावातल्या भूमिका दिल्या: नगराध्यक्ष, सावकार, विद्यापीठाचा कुलगुरू. मंडळी पट सोडून कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन खलबतं करू लागली, ठरलेली लढाई बाजूलाच राहिली. वेसलींना वाटलं, खेळ फसला. खेळाडूंनी मात्र पुन्हा कधी, असा लकडा लावला. त्या मंडळींतले डेव्ह आर्नेसन आणि विस्कॉन्सिनचे गॅरी गायगॅक्स यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा पात्रांच्या भूमिका घेऊन खेळायचा खेळ १९७४ साली छापून आला. त्याच्या पहिल्या आवृत्तीच्या प्रती होत्या जेमतेम हजार.

संगणकावर ही हौस पोचली ती अक्षरांच्या रूपात. १९७८मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ याने 'मड' हा एकाच वेळी अनेकांनी खेळायचा खेळ लिहायला घेतला आणि पुढे रिचर्ड बार्टलने तो पूर्णत्वाला नेला. पडद्यावर चित्र नाही, नुसती वर्णनं. खजिना शोधायचा, दलदलीत टाकायचा, गुण कमवायचे आणि चढत चढत जादूगार व्हायचं. पण त्याच खोलीत त्याच क्षणी दुसरा जिवंत माणूसही असायचा. एकट्याने खेळायच्या संगणकी खेळात ही सोय नव्हती.

जाता जाता एका शब्दाबद्दल. १९८६च्या 'हॅबिटॅट' या खेळात चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर यांनी पडद्यावरच्या आकृतीला 'अवतार' म्हटलं. हा आपला शब्द तिकडे जाऊन 'अ‍ॅव्हटार' झाला आणि परत आला तोवर प्रोफाइलच्या फोटोएवढा आखडला होता. अवतारात मुळात उतरणं आहे, आणि रोलप्ले करणाऱ्याला तोच अर्थ जवळचा वाटेल.

१९८९ साली कार्नेगी मेलन विद्यापीठात जेम्स अ‍ॅस्पनेस यांनी 'टायनीमड' केलं. त्यात जादूगार होण्याची शर्यतच ठेवली नाही. कुणीही नव्या खोल्या बांधाव्यात आणि इतरांनी त्यांत हिंडावं, एवढाच मामला. माझ्या मते या सगळ्या कथेतला खरा वळणबिंदू मात्र अगदी क्षुल्लक दिसणारा आहे: एक विरामचिन्ह. तिथे रेवा नावाचं पात्र घेतलेल्या कुणी अपूर्णविराम (:) देऊन 'दाराला टेकून उभी राहते' असं टाइप केलं, की खोलीतल्या सगळ्यांना 'रेवा दाराला टेकून उभी राहते' असं दिसायचं. याला 'पोझ' म्हणत. तेवढ्याने बोलणारा माणूस निवेदक झाला. आपण स्वतःबद्दल तृतीयपुरुषी लिहायचं आणि पुढचं वाक्य दुसऱ्या कुणाच्या हातात सोपवायचं. रेवा दाराशी का थांबली हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसतं. समोरचा लिहितो, 'तो मान वर न करता म्हणतो, चिठ्ठी मिळाली वाटतं', आणि कोणती चिठ्ठी हे आता दोघांनी मिळून शोधायचं. कादंबरीकाराला हे सुख नाही, कारण त्याला पुढचं पान स्वतःच लिहावं लागतं. नटालाही नाही, त्याची संहिता आधीच ठरलेली असते.

वाक्य दुसऱ्याच्या हाती देण्यात धोकाही होताच. झेरॉक्स कंपनीच्या पार्क (PARC) या संशोधन केंद्रातल्या पावेल कर्टिस यांच्या 'लॅम्डामू' या अशाच अक्षरी जगामध्ये १९९३ साली एका सदस्याने छोटा प्रोग्राम वापरून इतरांच्या पात्रांच्या नावाने किळसवाणी कृत्यं पडद्यावर लिहिली. कुणाला शारीरिक इजा झाली नव्हती, पण ज्यांची पात्रं होती ती माणसं हादरली. 'नुसते शब्द तर आहेत' ही सबब तिथे चालली नाही. मोठा वाद झाला, त्या सदस्याचं खातं काढून टाकलं गेलं आणि पुढे कर्टिस यांनी सदस्यांच्या मतदानाची व्यवस्था आणली. दुसऱ्याच्या पात्राने काय केलं हे आपण लिहायचं नाही, हा नियम आज जवळजवळ प्रत्येक रोलप्ले गटात पहिल्या दिवशी सांगतात. तो मोडण्याला 'गॉडमॉडिंग' म्हणतात.

चित्रमय खेळांचा काळ मी पटकन ओलांडतो. १९९७चं 'अल्टिमा ऑनलाइन', २००४चं 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' यांनी माणसं लाखोंनी आणली. 'वॉरक्राफ्ट'ने रोलप्लेसाठी वेगळे सर्व्हरही ठेवले. पण तिथेही रोलप्लेवाले राक्षस मारायचे सोडून खानावळीत बसून तासन् तास बोलताना सापडायचे, आणि त्या बोलण्याचे गुण कुणी देत नसे.

आता बरेच गट २०१५मध्ये आलेल्या डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर भरतात. पात्राचं बोलणं एका चॅनलवर, माणसांचं दुसऱ्यावर. एकीकडे दोन पात्रं एकमेकांच्या जिवावर उठलेली असतात आणि शेजारी त्यांचेच लेखक 'उद्या परीक्षा आहे, मला आज मारू नकोस, शनिवारी मार' अशी बोलणी करत असतात. टपालाच्या दिवसांत उत्तराला काही आठवडे लागत. आता खालच्या कडेला बारीक अक्षरात समोरचा टाइप करत असल्याचं दिसतं, मग ते दिसेनासं होतं, पुन्हा दिसतं. काय लिहून खोडलं असेल त्याने?