इम्प्लांट बसवताना हाड तापतं तेव्हा

दादर-पार्ल्यात दातांच्या दवाखान्यात इम्प्लांटची, म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवायच्या टायटॅनियमच्या स्क्रूची, चौकशी करायला आलेला माणूस दोन गोष्टी हमखास विचारतो: खर्च किती आणि कंपनी कोणती. हाडात भोक कसं पाडणार, हे सहसा कुणी विचारत नाही. पुढचं बरंचसं मात्र त्या काही मिनिटांत ठरतं.

टायटॅनियमशी हाड एकजीव होतं, हे स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रोनमार्क यांच्या लक्षात आलं ते १९५०च्या दशकात, तेही अचानक. सशाच्या पायाच्या हाडात बसवलेली टायटॅनियमची कुपी प्रयोग संपल्यावर निघेचना! १९६५मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले.

भिंतीत ड्रिल मारून स्क्रू पिळावा, तसंच हे वरवर दिसतं. फरक एवढाच की भिंतीला जीव नसतो. ड्रिलच्या घर्षणाने हाड तापतं, आणि ४७ अंश सेल्सिअस तापमान मिनिटभर टिकलं तरी त्याला इजा होते, असं १९८०च्या दशकात सशांवरच्या प्रयोगांत दिसलं. म्हणजे शरीराच्या तापमानाहून जेमतेम दहा अंश जास्त. जखम भरताना तिथे हाडाऐवजी तंतुमय ऊती तयार झाल्या, तर इम्प्लांट हलायला लागतो. म्हणून आधी बारीक ड्रिल, मग टप्प्याटप्प्याने जाड, सोबत सलाईनची धार, आणि मधूनमधून ड्रिल बाहेर काढणं. बोथट ड्रिल जास्त तापवतं. खालच्या जबड्याचा पुढचा भाग टणक असल्याने तिथे विशेष जपावं लागतं.

वरच्या दाढांकडचं हाड याच्या उलट, सच्छिद्र. तिथे भोक मुद्दाम थोडं लहान ठेवतात, किंवा उलट्या दिशेने फिरणाऱ्या खास ड्रिलने हाड खरवडून न टाकता कडेला दाबून बसवतात. पकड सुधारते, पण म्हणून आवळतच राहायचं असं नाही. सुमारे ३५ न्यूटन-सेंटीमीटर एवढा पीळ बहुतेकदा पुरतो. फार दाब पडला की बारीक रक्तवाहिन्या चेपतात आणि तेच हाड झिजू लागतं. ‘एकदम घट्ट बसलाय’ हे ऐकून मी तरी लगेच खूश होणार नाही.

जागाही महत्त्वाची: शेजारच्या दातापासून निदान दीड मिलिमीटर, दोन इम्प्लांटमध्ये तीन. तंबाखू आणि आटोक्यात नसलेला मधुमेह यांनी काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

गंमत म्हणजे पहिल्या दिवशीची पकड निव्वळ यांत्रिक असते. भोकाच्या कडेचं जुनं हाड शरीर हळूहळू काढून टाकतं आणि नवं अजून पक्कं झालेलं नसतं. त्यामुळे साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात इम्प्लांट पहिल्या दिवसापेक्षा सैल असू शकतो. सूज उतरलेली असते, दुखत काहीच नसतं, आणि रुग्ण नेमका तेव्हाच त्या बाजूने चकली चावून बघतो.