साध्या कॅमेऱ्याला नजर कशी कळते

लोकलमध्ये खिडकीत बसलेल्या माणसाचे डोळे कधी नीट बघा. गाडी दादर सोडून माटुंग्याकडे निघाली की बाहेरच्या खांबासोबत बुबुळ हळूच मागे सरकतं, मग पटकन उडी मारून पुढे येतं, परत सरकतं, परत उडी, आणि त्याला स्वतःला याचा पत्ताही नसतो. एरवीही आपली नजर सेकंदाला 3-4 उड्या मारतच असते, कारण एकदम स्पष्ट दिसणारा भाग फार छोटा, हात लांब करून अंगठा धरला तर त्याच्या नखाएवढा. म्हणून बुबुळ कुठे वळलंय हे कळलं की लक्ष कुठे आहे तेही बऱ्यापैकी कळतं.

मी यात शिरलो ते मुलुंडच्या आत्यामुळे. स्ट्रोकनंतर तिची वाचा गेली, हात गेले, डोळे आणि डोकं मात्र शाबूत. नजर ओळखणारी खास मशीन्स मिळतात, ती डोळ्यावर इन्फ्रारेड, म्हणजे आपल्याला न दिसणारा, प्रकाश टाकतात आणि अर्ध्या अंशापर्यंत अचूक सांगतात, पण किंमत ऐकून घरात सगळे गप्प झाले. मग साध्या कॅमेऱ्याने तिची नजर ओळखून तिला स्क्रीनवरची अक्षरांची बटणं नुसत्या नजरेने दाबून लिहिता येईल का, ते मी बघू लागलो. इन्फ्रारेडमध्ये आपलं काळंभोर बुबुळ फिकट दिसतं आणि मधली बाहुली वेगळी उठून येते, साध्या कॅमेऱ्यात मात्र दोन्ही एकच काळा ठिपका, तिथे बुबुळ आणि पांढऱ्या भागाची कडच पकडावी लागते.

आणि ते किती कठीण आहे बघा. डोळा साधारण 24 मिमीचा गोळा, तो 1 अंश वळला की बुबुळ जेमतेम 0.2 मिमी सरकतं, आणि दोन फुटांवरच्या लॅपटॉपच्या 720पी कॅमेऱ्यात ते अर्धा पिक्सेलसुद्धा भरत नाही! मग जमतं कसं? तर भरपूर उदाहरणं दाखवून. 2016 मध्ये गेझकॅप्चर नावाचा डेटा आला, जवळपास 1,450 लोकांच्या 25 लाखांच्या आसपास फ्रेम्स, सगळ्या फोन-टॅबच्या पुढच्या कॅमेऱ्यातून. त्यावर शिकवलेलं न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांतून शिकणारा प्रोग्रॅम, दोन्ही डोळे, चेहरा आणि चेहरा फ्रेममध्ये कुठे आहे हे सगळं एकत्र बघतं, आणि फोनवर नजरेची जागा सरासरी 1.7 सेंमीच्या चुकीने सांगतं. आयफोनमध्ये तर 2024 च्या आयओएस 18 पासून ही सोय आतच आहे.

दुसरी अडचण म्हणजे डोळा बघतो ते सगळं दाबलं जायला नको, म्हणून एखाद्या बटणावर नजर थोडा वेळ टिकली तरच ते दाबलं असं धरतात.

1.7 सेंमीच्या चुकीत कीबोर्डची छोटी बटणं चालणार नाहीत हे उघड आहे, पण आपली वर्णमाला मला इथे फार कामाची वाटते, क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग, पाच गट आणि प्रत्येकात पाच अक्षरं, म्हणजे आधी गटाकडे बघायचं मग अक्षराकडे, दोन नजरांत व्यंजन, आणि स्क्रीनवर एका वेळी थोडीच मोठी बटणं. य-र-ल-व-श वगैरेंचे आणखी दोन गट केले, काना-मात्रांचा वेगळा.

दुपारी आत्याच्या मागच्या खिडकीतून उजेड आला की चेहरा काळा पडायचा आणि सगळंच हुकायचं, मग पलंग फिरवला, समोर दिवा लावला. त्या संध्याकाळी तिने हळूहळू लिहिलं, "पखा कमी". अनुस्वाराचं बटण मी ठेवलंच नव्हतं. पंखा कमी केला आणि ते बटण रात्रीच टाकलं.